खालून पहिला

अमेरिकेतल्या फुटबॉल लीगमधून कोणी खाली पडत नाही, या दुःखात माझ्या नवऱ्याची दहा वर्षं गेली. लोकांना मधुमेह होतो, श्रीपादला हे झालं.

हा स्वतः कधी चेंडूला पाय लावलेला माणूस नाही. कोल्हापुरात शिवाजी पेठेत वाढला. तिथे फुटबॉल म्हणजे पेठापेठांची वर्षभराची भांडणं, आणि हा कोपऱ्यात उभा राहून कोणाचे गुण किती ते तोंडपाठ करणारा पोरगा. पुढे जुन्या कंपनीने आम्हाला तीन वर्षं ओहायोत धाडलं. तिथे हा स्टेडियममध्ये जायला लागला आणि याच्या लक्षात आलं की तळाला आलेल्या संघाचं तिथे काहीच वाकडं होत नाही. पुढच्या वर्षी तो पुन्हा त्याच लीगमध्ये, त्याच तोऱ्यात. उलट कॉलेजमधली नवी पोरं उचलायचा पहिला मान त्यालाच.

"नापास मुलाला पहिला बाक!" हा जेवताना ओरडायचा. "आणि खालच्या लीगमधले बिचारे सगळ्यांना हरवू देत, वर यायचं तर दारात थैली ओतायची. विभा, पडायची भीती नसेल तर तो खेळ कसला?"

मी म्हणायची, "आमटी घे."

मग याने आपली स्वतःची अमेरिका तयार केली. कॉम्प्युटरवर दोन डिव्हिजन. खरे सामने, खरे निकाल, पण वर्षाअखेरीस तळाचे दोघे खाली आणि खालचे दोघे वर. नंतरच्या नोकरीने आम्ही सौदीत रियाधला आलो. इथे आठवडा रविवारी सुरू होतो, तेव्हा मलाझमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये रविवारी सकाळी ऑफिसला जायच्या आधी हा अमेरिकेतले निकाल भरत बसायचा. सॅन होजे खाली गेलं त्या दिवशी घरात सुतक. लुईव्हिल वर आलं त्या दिवशी माझ्याकडून शिरा करून घेतला. लुईव्हिलला याचा पत्ताही नव्हता. इथल्या लीगचं मात्र याला फार कौतुक. जेद्दाचा एक जुना मातब्बर क्लब एका वर्षी खाली गेला तेव्हा आमचा टॅक्सीवाला गाडी चालवता चालवता डोळे पुसत होता, आणि श्रीपाद मागे बसून मला सांगत होता, "बघ, याला म्हणतात लीग."

हौसेला मोल नसतं म्हणून मी सोडून द्यायची. नवरा दारू पीत नाही, बाहेर बघत नाही, सॅन होजेला खाली पाडतो. पाडू दे.

घोळ झाला तो हे प्रकरण शुक्रवारच्या मंडळात नेल्यामुळे.

आमचं शुक्रवारचं मंडळ म्हणजे दहाबारा मराठी घरं. महिन्यातून दोनदा शहराबाहेर इस्तिराहा घ्यायचो. इस्तिराहा म्हणजे दिवसाच्या भाड्याने मिळणारी बाग, पोहायचा हौद आणि गालिचे घातलेले दोन दिवाणखाने. त्यातली निम्मी घरं एकाच ऑफिसातली, कारण त्या ऑफिसातल्या विभागाचा प्रमुख देवदत्त, आणि त्याला माणसं घ्यायची झाली की तो आधी मराठी बघायचा. देशभरातल्या दुकानांची बिलं जुळवायचं त्यांचं काम. श्रीपाद त्याच विभागात. तेव्हा देवदत्त ऑफिसात सर आणि शुक्रवारी दादा. इथेच आपली माणसं फसतात. ज्याच्या हातात आपला इकामा, म्हणजे या देशात राहायचा परवाना, त्याच्याच पानात आपण गरम भजी वाढतो आणि समजतो की घरचं नातं झालं.

तर एका शुक्रवारी श्रीपादने आपली अमेरिका सगळ्यांना दाखवली. देवदत्तदादाने हातातला चहा खाली ठेवला. म्हणाला, "श्रीपाद, हे भारी आहे. आपण खेळू या."

प्रत्येक घराला एकेक अमेरिकन शहर मिळालं. जे शहर तळाला, ते घर खाली. आणि खाली म्हणजे काय? तर दुसरी पंगत. पहिल्या पंगतीला वाढायचं, त्यांची पानं उचलायची, आणि मग उरलेलं खायचं. गंमत होती. पहिल्या वर्षी खाली गेले सुमीत आणि स्मृती, नागपूरचं नवं जोडपं. सुमीतही त्याच विभागात. स्मृती हसत हसत वाढत होती, आणि देवदत्तदादा मुद्दाम "दुसरी डिव्हिजन, मीठ!" असं ओरडत होता. सगळे हसले. मीही हसले. चार वेळा असं झाल्यावर स्मृती हसायची थांबली. त्याला आम्ही काय करणार? तिचं शहर तळाला होतं.

त्याच सुमाराला ऑफिसमध्ये वरून हुकूम आला की विभाग आटपता घ्या. कोणाला काढायचं हे देवदत्ताला ठरवायचं होतं, आणि ते आपल्या तोंडाने सांगायचं त्याला जड जात होतं. शुक्रवारी एकत्र जेवतो ना! मग त्याने श्रीपादला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाला, "तुझी लीग इथे लाव."

त्या दिवशी श्रीपाद घरी आला तेव्हाचा त्याचा चेहरा मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी याचं डोकं कामाला लावलं होतं.

याने सगळं बसवलं. दर आठवड्याला दोघांची जोडी, म्हणजे सामना. ज्याच्या कामात चुका कमी, तो जिंकला, तीन गुण. सारख्या चुका, तर बरोबरी, एकेक गुण. तीन महिन्यांचा हंगाम. शेवटी तळाला जो राहील तो खाली. चुका तपासायचं काम श्रीपादकडेच, कारण तो सगळ्यात जुना. स्वतः खेळाडू आणि स्वतःच पंच, असली व्यवस्था जगात कुठे चालत नाही, पण आमच्याकडे चालते. आमच्याकडे भजनी मंडळाचा खजिनदारच हिशेब तपासतो, आणि कोणी विचारलं तर त्याला राग येतो.

मी त्याला एकच विचारलं, "खाली म्हणजे कुठे?"

"दुसरी डिव्हिजन करणार आहेत. किंग अब्दुल्ला सिटीच्या बंदराजवळ गोदाम आहे, तिथे. तिथून चांगलं काम केलं की परत वर. दोन्ही बाजूंनी दार उघडं, हीच तर गंमत आहे."

"दादा असं म्हणाले?"

"म्हणाले, बघू."

बघू! सरकारी ऑफिसपासून सासूपर्यंत, बघू म्हणजे नाही, हे मराठी माणसाला सांगावं लागतं का? याला लागलं.

पहिल्या हंगामात सुमीत तळाला आला. त्याचं असं झालं की स्मृतीला सातवा महिना होता आणि तिला अचानक रक्त जायला लागलं. सुमीत दोन दिवस इस्पितळात बसला. त्या आठवड्याचं त्याचं काम झालं नाही आणि समोरच्याला सामना फुकट मिळाला. त्याच तीन गुणांनी तो तळाला गेला.

तो आमच्या घरी आला. सोफ्याच्या कडेला बसला, पाणीही प्यायला नाही. म्हणाला, "श्रीपाददादा, तो एक आठवडा पुढे ढकलला असं धरा ना. मी खेळलोच नव्हतो, हरलो कुठून?"

श्रीपादच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं का बोलू? पण तो म्हणाला, "सुमीत, सामना पुढे ढकलायचा तर आधी कळवावं लागतं. आज तुझ्यासाठी वाकवलं तर उद्या टेबलाला अर्थ काय राहिला?"

"दादा, ती टेबलावरच होती. ऑपरेशनच्या."

सुमीत उठला आणि चपला घालून गेला.

आणि मग कळलं की दुसरी डिव्हिजन वगैरे काही नाही. खाली म्हणजे विमानतळ. मोबाईलवर फायनल एक्झिट, म्हणजे देश कायमचा सोडायचा कागद, आला, खलास. श्रीपादने देवदत्ताला विचारलं, "सर, खालून वर यायचं काय?" तर तो म्हणाला, "खाली कोणी आहेच कुठे, वर यायला?" अमेरिकेने दोन्ही ठेवलं नाही, देवदत्ताने अर्धंच घेतलं. पडायची सोय केली, चढायची विसरला.

मी स्मृतीला विमानात खायला थालीपीठं करून दिली. माणुसकी वेगळी आणि टेबल वेगळं. तिने डबा घेतला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच तिच्या पोटावर पाय दिला होता. बाळ नागपूरला झालं, ठीक आहे म्हणतात.

ऑफिसात मात्र श्रीपादचं वजन वाढलं. इस्पितळासाठीसुद्धा वाकला नाही! स्वतःची चूक स्वतः लाल रंगात लिहितो! देवदत्त सगळ्यांदेखत म्हणाला, "असा कडक पंच कोणाला मिळणार नाही. याचा आकडा म्हणजे दगडावरची रेघ." त्यानंतर श्रीपादने पाठवलेलं टेबल कोणी उघडून तपासत नव्हतं. नुसता तळ बघायचे.

आता दुसरा हंगाम. ऑक्टोबर ते डिसेंबर. आणि इथे माझं सगळं पणाला लागलं होतं.

आमची आर्या बारावीत. इथल्या इंडियन स्कूलमध्ये पाचवीपासून. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, केंद्र रियाधचं. बापाचा इकामा गेला की पोरीचा गेला, पोरीचा गेला की शाळा गेली, आणि जानेवारीत भारतातली कोणतीही शाळा बारावीच्या मुलीला दारात उभं करत नाही. वर्ष वाया. नुसतं वर्षही नाही, तिचं मेडिकल. आर्या पहाटे उठायची, डोळ्यांखाली काळं झालं होतं, आणि मी तिच्यापुढे बदामाचं दूध ठेवून मनात मोजायची की तळाला कोण आहे.

एवढंच मला हवं होतं. मार्च संपेपर्यंत तळाला दुसरं कोणीतरी असावं. मार्चनंतर आम्ही गेलो असतो कोल्हापुरात, कुठेही.

पण सुमीत गेला आणि आमच्या लक्षात आलं की सुमीत नुसता सुमीत नव्हता, तो आमच्या खालचा माणूस होता. खालचा गेला की त्याच्या वरचा खालचा होतो. हे श्रीपादला, एवढ्या मोठ्या हिशेबी माणसाला, नोव्हेंबरात उमगलं. दुसऱ्यांच्या चुका तपासण्यात याचं स्वतःचं काम मागे पडत होतं. वय पंचेचाळीस, चष्म्याचा नंबर वाढलेला. आकडा तिनाचा आठ दिसायचा, आणि आपली चूक आपणच लाल करून हा टेबलात खाली खाली यायचा. मी म्हणायची, "स्वतःच्याच चुका शोधायला तुला पगार आहे का?" तर म्हणे, "पंचाने स्वतःला सोडलं तर संपलंच."

त्याच्या बरोबरीने खाली होता हाशम. हाशम मुकादम, त्याच विभागातला, कोकणात म्हसळ्याचा. भला माणूस, हळू काम करायचा. शुक्रवारी कधीकधी यायचा तेव्हा बायकोने, तबस्सुमने केलेली कोळंबीची खिचडी आणायचा, आणि आम्ही शाकाहारी म्हणून आमच्यासाठी वेगळ्या डब्यात तांदळाच्या भाकऱ्या. त्याची मुलगी झेबा आर्याच्याच वर्गात. दोघी एकत्र अभ्यास करायच्या, कधी त्यांच्याकडे, कधी आमच्याकडे. झेबाला आर्किटेक्ट व्हायचं होतं. आमच्या जेवणाच्या टेबलावर पट्टी घेऊन बसायची आणि मला म्हणायची, "आंटी, तुमच्या किचनचा ओटा चुकीच्या बाजूला आहे."

शेवटच्या आठवड्याच्या जोड्या लागल्या तेव्हा श्रीपादसमोर आला हाशम. टेबलात हाशम श्रीपादच्या दोन गुण खाली, सगळ्यात तळाला. हाशम जिंकला तर तो वर आणि आम्ही तळाला. बरोबरी झाली तरी हाशमच तळाला.

गुरुवारी काम संपलं. श्रीपाद तपासायचं सगळं घरी घेऊन आला. शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर लॅपटॉप मिटून नुसता बसून राहिला. मला कळलं.

"किती?" मी विचारलं.

"माझी एक."

"आणि हाशमची?"

"एकही नाही. स्वच्छ केलंय त्याने. एवढं स्वच्छ त्याने कधीच केलं नव्हतं."

मी दार लोटलं. आर्या तिच्या खोलीत होती. मी हळू बोलायचं ठरवलं होतं, पण मला हळू बोलता येत नाही.

"तुझी एक चूक पूस."

"नाही पुसणार. ती खरी आहे."

"खरी आहे! सुमीतची बायको खरी नव्हती का? तेव्हा नियम, आता नियम, आणि पोरगी गेली चुलीत?"

"विभा, मी माझी चूक पुसली तर मी कोण उरलो?"

हे असं आहे बघा. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. मी त्याच्यासमोर बसले. मला त्या क्षणी त्याचा इतका राग आला होता की वाटलं, लग्न झाल्यापासून आपण या माणसाला नुसती आमटी वाढली, एकदा तरी मुस्काटात मारायला हवी होती.

मी म्हटलं, "नको पुसू तुझी. तुझी राहू दे, तुझी एक. त्याच्या नावापुढे एक लिही. बरोबरी झाली. तू जिंकलास असंही नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला.

"चूक कोणाकडून होत नाही? असेल त्याचीही कुठेतरी. तुला दिसली नसेल. तुझे डोळे तरी कुठे शाबूत आहेत?"

हे त्याला पटलं. माणसाला पटायचं असतं तेव्हा काहीही पटतं. त्याने लॅपटॉप उघडला आणि हाशमचं आठवड्याचं सगळं काम पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेतलं. जोरात, चिडून, जसं काही हाशमने मुद्दाम चूक लपवली होती. मी चहा दिला, तो तसाच गार झाला. बाहेर असरची, तिसऱ्या प्रहराची, बांग झाली. चूक सापडली नाही. एकही नाही. शेवटी त्याने चष्मा काढला, शर्टाने पुसला, पुन्हा घातला, आणि हाशमच्या नावापुढे लाल रंगात एक लिहिला.

आर्या पाण्याची बाटली भरायला बाहेर आली होती. बापाच्या मागे उभी होती.

"हाशम अंकल?" ती म्हणाली.

"आत जा," मी म्हटलं. "तुझा केमिस्ट्रीचा चॅप्टर राहिलाय."

"पण मम्मा, बाबांनी तर आत्ता..."

"आत जा म्हटलं ना!"

ती गेली. दार मात्र तिने आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

रविवारी टेबल गेलं. कोणी उघडून पाहिलं नाही. देवदत्ताने तळ बघितला आणि फोन उचलला. एकाही माणसाने हूं की चूं केलं नाही, कारण ज्याने गरोदर बाईसाठी एक आठवडा वाकवला नव्हता, तो स्वतःसाठी एक आकडा वाकवेल हे कोणाच्या मनातही येणार नव्हतं. सुमीतवर दाखवलेला कडकपणा असा कामाला आला. मला तेव्हा वाटलं, देव आहे.

तबस्सुमने शाळेत धावाधाव केली. मुलीला मार्चपर्यंत ठेवून घ्या म्हणाली. शाळेचे लोक चांगले, पण त्यांच्या हातात काय आहे? झेबाला इथे ठेवायचं तर कोणाच्या इकाम्यावर? मुंबईत भावाला फोन करून झाले, महाडला, श्रीवर्धनला, सगळीकडे तेच, या वर्षी बसता येणार नाही, पुढच्या वर्षी बघू. आर्या हे सगळं मला जेवताना सांगायची. इंग्रजीत सांगायची, बातम्या वाचून दाखवाव्यात तशी. मी म्हणायची, "आपण काय करणार, बेटा? भात घे."

जायच्या आदल्या शुक्रवारी ती तिघं आमच्याकडे निरोप घ्यायला आली. मी बोलावलं नव्हतं. पण दारात आलेल्याला चहा तर द्यावाच लागतो. तबस्सुम माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडले, आणि ते रडणं खोटं नव्हतं, हे तुम्ही मानलं नाही तरी चालेल. झेबा नेहमीच्या खुर्चीवर बसली नाही, आईजवळ उभी राहिली. आर्या भिंतीला टेकून उभी.

हाशमने चहा संपवला, कप नीट बशीत ठेवला आणि श्रीपादकडे सरकून बसला.

"भाय, एक विचारू? राग मानू नका."

"विचार ना."

"ती एक चूक. मी मना जमंल तितका शोधला. सगला काम परत परत बघितला. मना ती गावली नाय. म्हंजे तुमी लिवलीव म्हंजे असनारच, त्यात वाद नाय. पन मना एकदा दाखवा. उद्या दुसरीकडं कुटं काम गावला तर परत तीच नको व्हायला."

मी कपबश्या गोळा करत होते. एक बशी हातातून सुटली, फुटली नाही.

श्रीपाद उठला. मला वाटलं, आता हा बोलणार. हा असाच आहे, आता हा सगळं सांगणार आणि आर्याची परीक्षा संपली. मी त्याच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. तो आत गेला, लॅपटॉप घेऊन आला आणि हाशमशेजारी बसला.

"हे बघ," तो म्हणाला. "हे जेद्दाच्या दुकानाचं परत आलेल्या मालाचं बिल. हे तू विक्रीच्या तारखेला धरलंस."

हाशम वाकून बघत होता. "हां."

"ते माल परत आला त्या तारखेला धरायला हवं."

हाशमने बिलावरच्या तारखेवर बोट ठेवलं. "पन भाय, आपन तर नेहमी विक्रीच्याच तारखेला धरतो ना? तुमीच शिकवलाव मना, आलो तवा."

"बदललं आहे आता."

"मेल आलेली?"

श्रीपाद म्हणाला, "हो. सगळ्यांना आली होती."

"मग मीच बघितली नसंल." हाशमने मान हलवली. त्याच्या तोंडावर, सांगते तुम्हाला, सुटल्यासारखं काहीतरी होतं. इतके दिवस ज्या माणसाला आपण का गेलो हे कळत नव्हतं, त्याला कळलं. त्याने श्रीपादचा हात दोन्ही हातांत धरला. "बरा झाला दाखवलाव. नायतर मी आपला उगाच मनात आणत व्हतो की... जाऊ दे, अल्ला माफ करो." आणि मुलीकडे वळून म्हणाला, "बघतेस ना झेबा? तुझ्या बापाची चूक व्हती. तू उगाच कोणाला बोल लावू नको."

झेबा म्हणाली, "जी, अब्बा."

श्रीपादचा हात हाशमच्या हातांत तसाच होता. तो सोडवून घ्यायचं त्याला सुचत नव्हतं. मीच म्हटलं, "तबस्सुम, थोडे रव्याचे लाडू देते बांधून, वाटेत होतील." डबा काठोकाठ भरला आणि झाकण घट्ट लावलं.

ती तिघं जायला निघाली. आर्या चप्पल घालून म्हणाली, "मी खालपर्यंत जाते झेबाबरोबर."

मला नाही म्हणता आलं नाही. काय म्हणून नाही म्हणणार? दार लागलं तशी मी खिडकीकडे धावले. श्रीपाद लॅपटॉपसमोर बसून होता, जेद्दाचं बिल तसंच उघडं होतं. मी त्याच्याकडे पाहिलंही नाही. माझा जीव खाली होता. हाशमची गाडी समोरच्या बकाल्यापुढे, म्हणजे वाण्याच्या दुकानापुढे, लावलेली होती. हाशम आणि तबस्सुम गाडीत बसले. दोघी पोरी मागच्या दारापाशी उभ्या राहिल्या. झेबा काहीतरी विचारत होती. मला वरून ऐकू येत नव्हतं, नुसती तिची मान वर झालेली दिसत होती आणि आर्या माझ्याकडे पाठ करून. मी खिडकीची कड धरून उभी होते आणि मनात एकच घोकत होते, नको बोलू, बाळे, नको बोलू.

मग आर्याने मान हलवली. नाही, अशी. झेबाने तिला मिठी मारली, गाडीत बसली आणि गाडी गेली.

आर्या वर आली. चप्पल कोपऱ्यात नीट ठेवली. मी विचारलं, "काय विचारत होती झेबा?"

"विचारत होती, बाबांनी खरंच चूक शोधली होती का. तू घरी होतीस ना, म्हणाली."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, मला माहीत नाही. मी केमिस्ट्री करत होते."

तिने माझ्या डोळ्यांत बघितलं, अगदी सरळ, आणि तिथे ना राग होता ना रडू. मग ती टेबलाशी बसली, पुस्तक उघडलं आणि पेन्सिलीने खुणा करायला लागली. बोर्डाची परीक्षा तिलाही द्यायचीच होती.